माझगावात बांधलेलं जहाज, बसऱ्याचा व्यापारी आणि न्यूयॉर्कचा धक्का : अहमद बिन नोमान (१८४०)

दर्याकिनारा (धागाकर्ता)

मस्कतला येऊन मला अकरा वर्षं झाली. पहिल्याच वर्षी ऑफिसमधल्या एका वयस्कर ओमानी सहकाऱ्याने विचारलं होतं, "तू मुंबईचा ना? मग अल-सुलताना तुमच्याकडचीच." मी नुसताच बघत राहिलो. माझं लहानपण डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ गेलं. गोदीच्या भोंग्यावर आमच्या घरात चहा व्हायचा. आणि माझगावात १८३३ साली बांधलेलं 'अल-सुलताना' (पुढे नुसतं 'सुलताना') नावाचं जहाज १८४० मध्ये अरबांचा माल आणि नजराणा घेऊन थेट न्यूयॉर्कला गेलं होतं, हे मला मस्कतमध्ये परक्या माणसाकडून कळलं. तेव्हापासून मिळेल ते वाचत आलोय. आज लिहायला बसलोय ते मुख्यतः त्या जहाजावरच्या माणसाबद्दल.

त्याचं नाव अहमद बिन नोमान अल-काबी. जन्म १७८४ च्या सुमाराचा, बसऱ्याचा. पेशाने व्यापारी. व्यापाराच्या निमित्ताने कैरो पाहिलेला, चीनच्या कँटन बंदरापर्यंत जाऊन आलेला. पुढे तो मस्कत आणि झांझिबारचा सुलतान सय्यद सईद याच्या पदरी चिटणीस म्हणून लागला. दरबारात ओमानी घराण्यांचा भरणा, त्यात हा बसऱ्याहून आलेला, पंथाने शिया. इतका बाहेरचा माणूस सुलतानाच्या इतक्या जवळ गेला तो कशाच्या जोरावर? मला वाटतं, माल, माणसं आणि परमुलूख या तिन्हींची पारख असल्यामुळे.

सय्यद सईदबद्दल थोडं सांगायला हवं. १८०६ ते १८५६ अशी पन्नास वर्षं त्याने राज्य केलं. ओमान हातात होतंच, पण त्याचं लक्ष हळूहळू आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे वळलं आणि झांझिबार त्याची खरी राजधानी झाली. तिथे लवंगेच्या बागा त्याच्याच काळात वाढल्या. इंग्रज त्याला 'मस्कतचे इमाम' म्हणायचे, तो स्वतः सय्यद म्हणवून घ्यायचा. राजा खरा, पण नजर व्यापाऱ्याची. जहाजं बांधून घ्यायची झाली की तो मुंबईकडे बघायचा. इथलं सागवान आणि इथले कारागीर यांना तेव्हा जगात तोड नव्हती. 'लिव्हरपूल' नावाचं ७४ तोफांचं जहाज मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हाताखाली १८२६ मध्ये तयार झालं, ते सईदचं. पुढे ते त्याने इंग्लंडच्या राजाला भेट दिलं आणि इंग्रजी आरमारात त्याचं नाव 'इमाम' पडलं. त्याच्या मानाने 'सुलताना' लहान, साधारण तीनशे टनांची, १४ तोफांची.

अमेरिकेशी ओळख झाली ती एडमंड रॉबर्ट्समुळे. न्यू हँपशायरचा हा व्यापारी 'पीकॉक' या युद्धनौकेवरून मस्कतला आला आणि २१ सप्टेंबर १८३३ रोजी मैत्री आणि व्यापाराचा करार झाला. अमेरिकनांना सुलतानाच्या सगळ्या बंदरांत व्यापाराची मुभा, उतरवलेल्या मालावर पाच टक्के जकात, बाकी काही नाही. दोन वर्षांनी कराराची मंजूर प्रत घेऊन तेच 'पीकॉक' परत आलं आणि मसीरा बेटाजवळ रुतून बसलं. जहाज हलकं करायला तोफा समुद्रात टाकाव्या लागल्या. सईदने मदत पाठवली आणि मागाहून त्या तोफाही बाहेर काढून पोचत्या केल्या. हा प्रसंग लक्षात ठेवा, न्यूयॉर्कमध्ये तो कामी येणार आहे.

तोवर व्यापार एकतर्फी होता. अमेरिकन जहाजं झांझिबारला यायची, सुलतानाची जहाजं अमेरिकेला जात नव्हती. ती दिशा उलटी करून बघायचं काम अहमदवर आलं. तेव्हा त्याचं वय पंचावन्नच्या आसपास.

१८३९ च्या डिसेंबरात 'सुलताना' मस्कतहून निघाली, झांझिबारला थांबली, फेब्रुवारीत तिथून निघाली आणि ३० एप्रिल १८४० ला न्यूयॉर्कच्या बंदरात आली. मस्कतहून भरलेला माल: खजुराची १,३०० पोती, इराणी गालिच्यांचे २१ गठ्ठे, मोखाच्या कॉफीचे १०० गठ्ठे. झांझिबारहून: १०८ हस्तिदंत, चंद्रसाच्या ८१ पेट्या, लवंगांची १३५ पोती आणि खारवलेली हजार कातडी. ही यादी मी इतक्यांदा वाचलीय की पाठ झालीय. एका राज्याची सगळी कमाई एका जहाजाच्या पोटात मावलेली.

आणि या मालापासून वेगळा ठेवलेला नजराणा, राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्यासाठी. दोन अरबी घोडे, मोत्यांची माळ आणि दोन मोठे सुटे मोती, गुलाबाचं अत्तर, काश्मिरी शाली, गालिचा, तलवार, सोन्याची लगड.

इथेच पेच पडला. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे संसदेच्या संमतीशिवाय परक्या राजाकडून भेट घेता येत नाही. व्हॅन ब्यूरननी आभार मानले आणि भेट नाकारली. आता अहमदच्या जागी आपण उभे आहोत असं समजू. धन्याने दिलेला आहेर परत घेऊन जायचा म्हणजे धन्याचा अपमान. अडून बसावं तर यजमानांना त्यांच्याच कायद्यापुढे अवघडल्यासारखं होणार. हाताशी दूतावास नाही, पत्र पाठवून हुकूम मागवावा तर उत्तर यायला वर्ष लागणार. नजराणा परत न्यायचा नाही हे त्याने पक्कं केलं आणि तो राष्ट्राध्यक्षाऐवजी अमेरिकेच्या सरकारला देऊ केला. जुलैमध्ये संसदेने ठराव करून तो स्वीकारण्याची वाट मोकळी केली. घोड्यांचा लिलाव झाला, पैसे सरकारी तिजोरीत गेले, बाकीच्या वस्तू सरकारी संग्रहात. धन्याचा मान राहिला, यजमानाचा कायदाही राहिला. बाजारात ज्याने आयुष्य काढलंय त्याला ठाऊक असतं की दोघांनाही मान वर करून घरी जाता आलं तरच सौदा टिकतो. माझ्या मते अहमदचा मुत्सद्दीपणा याच तालमीतून आला.

तीन महिन्यांहून अधिक काळ तो न्यूयॉर्कमध्ये होता. अटलांटिकने जहाजाची दशा केली होती. 'पीकॉक'च्या वेळच्या मदतीची जाण ठेवून अमेरिकन आरमाराने ब्रुकलिनच्या आपल्या गोदीत 'सुलताना'ची सरकारी खर्चाने पूर्ण दुरुस्ती करून दिली. नगरपालिकेने अहमदचा पाहुणचार केला आणि एडवर्ड मूनी या चित्रकाराकडून त्याचं तैलचित्र काढून घेतलं. पगडी घातलेला, दाढीवाला, शांत नजरेचा माणूस. ते चित्र मी पडद्यावरच पाहिलंय, पण कितीतरी वेळ बंद करता आलं नाही.

कुणाला यातलं अधिक माहीत असेल तर जरूर लिहा. माझगावच्या लोकांनी तर लिहाच.

---

नाखवा_६७

फार मनापासून लिहिलंयत. मी ३४ वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, म्हणून वाऱ्यांबद्दल दोन शब्द.

डिसेंबरात मस्कत सोडण्यामागे पूर्ण हिशेब आहे. थंडीत अरबी समुद्रावर ईशान्येचा वारा धरतो आणि गलबताला अलगद आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली नेतो. उलटा प्रवास नैऋत्येच्या वाऱ्यावर, एप्रिलनंतर. आपला 'मोसम' हा शब्दच अरबी 'मौसिम'वरून आलेला आहे, आणि इंग्रजांचा मान्सूनही तिथलाच. म्हणजे मस्कत ते झांझिबार हा अहमदच्या खलाशांचा रोजचा रस्ता होता.

खरी परीक्षा त्यापुढे. झांझिबारहून दक्षिणेला गेलात की आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने वाहणारा अगुल्हासचा प्रवाह जहाजाला केपकडे, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे, ओढून नेतो. केपला मात्र त्या प्रवाहाविरुद्ध पश्चिमेचे वारे उभे राहतात आणि लाटा अशा उठतात की आजच्या पोलादी जहाजालाही हिसका बसतो. मी तिथून सात वेळा गेलोय, सातही वेळा झोप लागली नाही. केप ओलांडला की आग्नेयेचे व्यापारी वारे मिळतात, ते तुम्हाला सेंट हेलेनाकडे सोडतात. 'सुलताना' तिथेच थांबली होती. मग विषुववृत्त, मग वायव्येकडे अमेरिकेचा किनारा. तीनशे टनांच्या लाकडी जहाजाने हे करणं म्हणजे काय ते कागदावर कळत नाही.

अटलांटिक ओमानी नाखुदांच्या सवयीचा नव्हता, म्हणून वाट दाखवायला विल्यम स्लीमन नावाचा इंग्रज घेतला होता. तो दारूच्या आहारी गेलेला होता. न्यूयॉर्कमध्ये त्याला काढून टाकलं आणि परतीसाठी फिलाडेल्फियाचा सँडविथ ड्रिंकर नेमला. परक्या समुद्रात, बेभरवशाच्या वाटाड्याबरोबर, धन्याचा माल आणि नजराणा सुखरूप पोचवणं हेही अहमदच्याच खात्यात जमा करायला हवं.

---

लवंगलता

लेख आवडला, पण एक गोष्ट खटकली ती स्पष्ट लिहिते. लवंगांची १३५ पोती आणि १०८ हस्तिदंत ही यादी तुम्ही कौतुकाने दिलीत. त्या लवंगा कुणी तोडल्या? झांझिबारच्या बागा गुलामांच्या कष्टांवर उभ्या होत्या. आफ्रिकेच्या आतल्या भागातून हस्तिदंत किनाऱ्यावर आला तो माणसांच्या खांद्यावरून, आणि त्याच वाटांनी माणसंही विकायला आणली गेली. 'राज्याची सगळी कमाई' म्हणताना ही माणसं कुठे आहेत?

---

दर्याकिनारा

लवंगलताताई, तुमचं बरोबर आहे आणि हे मूळ लेखातच यायला हवं होतं. नाही आलं ही माझी चूक.

'सुलताना'च्या खलाशांमध्येही गुलाम होते. न्यूयॉर्क राज्यात गुलामी १८२७ मध्येच संपलेली होती, पण त्याच देशाच्या दक्षिणेत ती जोरात चालू होती. म्हणजे दोन्ही बाजूंच्या श्रीमंतीखाली तीच माणसं दबलेली होती. १८२२ मध्ये इंग्रजांनी सईदकडून करार करून घेतला, त्यात ख्रिस्ती लोकांना गुलाम विकण्यावर बंदी आली. १८४५ मध्ये आणखी एक करार झाला आणि आफ्रिकेतल्या मुलुखातून बाहेर गुलाम पाठवणं बंद करायचं ठरलं. झांझिबारमधली गुलामी मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिली. अहमद या व्यवस्थेच्या बाहेर नव्हता, तिच्या अगदी मध्यावर होता. त्याच्या हुशारीबद्दल मला आदर वाटतो, तरीही हे झाकून ठेवायचं कारण नाही.

---

लवंगलता

धन्यवाद. एवढंच हवं होतं. त्या खलाशांपैकी कुणाचंच चित्र कुणी काढलं नाही, हे चित्र बघताना माझ्या मनात राहील.

---

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो. ब्रुकलिनची ती आरमारी गोदी १९६६ मध्ये बंद झाली. आता आत कारखाने आणि कचेऱ्या आहेत. पूर्वी एका कामासाठी मी तिथे महिनाभर जात होतो. माझगावचं जहाज इथे दुरुस्तीला उभं होतं हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

अहमदला न्यूयॉर्कने काय काय दाखवलं त्यातली माझी आवडती गोष्ट म्हणजे लाँग आयलंड रेल्वेने हिक्सव्हिलपर्यंतची सफर. ती रेल्वे तिथवर पोचून तीनच वर्षं झाली होती. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये, म्हणजे अहमद आगगाडीत बसला त्यानंतर तेरा वर्षांनी. शिवाय त्याला ब्लॅकवेल्स आयलंडवर नेलं होतं, आज त्याला रूझवेल्ट आयलंड म्हणतात. तिथे तेव्हा तुरुंग आणि वेड्यांचं इस्पितळ होतं. पाहुण्याला तुरुंग कशाला दाखवायचा असं आपल्याला वाटेल, पण त्या काळी अशा संस्था म्हणजे शहराची प्रगती मानली जायची आणि मोठ्या पाहुण्यांना त्या मुद्दाम दाखवत.

बाकी वेळ तो काय करत होता? माल विकत होता! बार्कले अँड लिव्हिंग्स्टन ही तिथली पेढी त्याची अडत्या होती. सकाळी नगरपालिकेचा पाहुणा, दुपारी खजुराच्या भावाची घासाघीस. तीन महिने त्याने दोन्ही सांभाळलं.

---

जुनेकागद

एक दुरुस्ती. धाग्यात कुणी तसं म्हटलेलं नाही, पण नेटवर सर्रास लिहिलेलं दिसतं की अहमद बिन नोमान हा अमेरिकेत गेलेला पहिला अरब वकील. ते चुकीचं आहे. ट्युनिसच्या 'बे'ने, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याने, पाठवलेला सिदी सुलेमान मेल्लिमेल्ली १८०५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आला होता. डिसेंबरात रमझान चालू होता, म्हणून राष्ट्राध्यक्ष जेफर्सननी जेवणाची वेळ सूर्यास्ताची ठेवली होती. अहमदच्या ३५ वर्षं आधीची ही गोष्ट.

दुसरं, अहमदला 'राजदूत' म्हणावं का? तो कधी वॉशिंग्टनला गेला नाही, राष्ट्राध्यक्षाला भेटला नाही. त्याच्याकडे सुलतानाचं पत्र आणि नजराणा होता, पण त्याचं येणं मुख्यतः व्यापाराचं होतं. मला तर आपला जुना मराठी शब्दच नेमका वाटतो: वकील. पेशव्यांचे वकील निजामाकडे, इंग्रजांकडे असायचे. त्यांना पत्रं पोचवायची, बातम्या काढायच्या, पैशांचे व्यवहारही बघायचे. आज कोर्टात उभा राहणारा तेवढा वकील, पण मूळ अर्थ दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. अहमद त्या अर्थाने पुरेपूर वकील.

आणि घोड्यांच्या जोडीला सिंहांचीही गोष्ट आहे. १८३९ मध्ये मोरोक्कोच्या सुलतानाकडून टँजिअरच्या अमेरिकन वाणिज्यदूताच्या दारात सिंह आणि सिंहीण आणून उभे केले. तो नको नको म्हणत राहिला, पण परत न्यायला कुणी तयार नाही. संसदेने १८४० च्या जुलैमध्ये जो ठराव केला तो मस्कत आणि मोरोक्को, दोन्हीकडच्या भेटींबद्दल मिळून होता. म्हणजे अहमदचा पेच एकट्याचा नव्हता. अमेरिकेचा कायदा आणि पूर्वेकडच्या दरबारांची रीत एकमेकांना नुकतीच भेटत होती.

---

दर्याकिनारा

जुनेकागद, 'वकील' अगदी पटलं. मस्कतमध्ये आजही कंपनीच्या एजंटला 'वकील'च म्हणतात. माझ्याच ऑफिसच्या कागदांवर तो शब्द रोज दिसतो आणि कधी थांबून विचार केला नव्हता.

---

भुलेश्वरचा_कापडवाला

आमची कापडाची तिसरी पिढी, म्हणून लिहितो. अहमदने परत जाताना काय नेलं याबद्दल कुणी बोललं नाही. बंदुका, दारूगोळा, काचसामान, मणी, साखर, अशा खरेदीत मोठा वाटा होता कोऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाचा. मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्यांमधलं हे कापड आफ्रिकेच्या किनाऱ्यावर इतकं चालायचं की स्वाहिलीत त्याचं नावच 'मेरिकानी' पडलं. आतल्या मुलुखात ते पैशासारखं वापरलं जायचं. इतके हात कापड दिलं की इतका हस्तिदंत.

हिंदी मुलुखात अशाच कोऱ्या कापडाला 'मारकीन' म्हणतात, तेही अमेरिकनवरूनच. आपल्याकडे मांजरपाट म्हणतो आपण. माझे आजोबा बोटांनी चोळून सांगायचे कुठल्या गिरणीचं कापड आहे ते.

त्याआधी त्या किनाऱ्यावर कच्छ-गुजरातचं कापड खपायचं. अमेरिकन मालाने त्यातला मोठा भाग खाल्ला. आणि पुढे १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, कापूस अडला, तेव्हा अमेरिकन कापडाचा तिथला जोर ओसरला. त्याच यादवीने मुंबईत कापसाचा पैसा ओतला. एका गाठीला दोन देशांचे धागे असतात हे आमच्या धंद्यात रोज दिसतं.

---

मांडवीपार

कापडाचा विषय निघाला म्हणून जकातीचंही. झांझिबारच्या जकातीचा मक्ता तेव्हा जयराम शिवजी या कच्छी भाटिया व्यापाऱ्याकडे होता. सुलतानाला वर्षाची ठरलेली रक्कम द्यायची आणि बंदरात येणाऱ्या मालावरची जकात स्वतः वसूल करायची. सुलतानालाही वेळप्रसंगी उचल त्याच्याकडूनच. त्याच्या पेढीचे हात मुंबईपर्यंत पोचलेले. म्हणजे रॉबर्ट्सने केलेल्या करारातली पाच टक्के जकात प्रत्यक्षात मोजून घेणारा माणूस आपल्या पश्चिम किनाऱ्याचा होता.

अमेरिकेचा पहिला वाणिज्यदूत रिचर्ड वॉटर्स १८३७ मध्ये झांझिबारला आला. तो मॅसॅच्युसेट्समधल्या सेलेम बंदराचा, आणि स्वतः व्यापारीही. त्याचं आणि जयरामचं चांगलं जमायचं, त्यामुळे सेलेमच्या जहाजांना तिथे माल मिळणं सोपं जायचं. आता विचार करा, सुलतानाचं स्वतःचं जहाज लवंग आणि हस्तिदंत घेऊन थेट न्यूयॉर्कच्या बाजारात उभं राहिलं तर सेलेमवाल्यांना कसं वाटेल? त्यांचा नफा मधल्या वाहतुकीतच तर होता. 'सुलताना'ची ही फेरी नेहमीची वाट झाली नाही, याचं एक कारण मला इथे दिसतं. करार कागदावर दोन्ही बाजूंना मोकळीक देत होता, पण भांडवल, विमा, गोदामं, ओळखी सगळ्या एका बाजूला.

म्हणून अहमदची फेरी फसली असं मी म्हणणार नाही. पण सुलतानाने जे करून बघितलं ते मोठं धाडस होतं, आणि ते पुढे चालवायला लागणारं बळ त्याच्याकडे नव्हतं.

---

रत्नागिरीची_वाट

यादीतला 'चंद्रस' वाचून थांबले. आमच्या घरी लाकडावर चढवायच्या रोगणासाठी आजोबा हा शब्द वापरायचे. झाडाचा डिंक, जमिनीत गाडला जाऊन दगडासारखा झालेला. स्वाहिलीत 'संदारुसी' म्हणतात असं आत्ता शोधल्यावर कळलं. तोच शब्द समुद्रावरून इकडे आला असणार! अमेरिकेत तो कशाला हवा होता?

---

नाखवा_६७

त्याच कामाला, ताई. उत्तम व्हार्निश व्हायचं त्याचं. फर्निचर, घोडागाड्या, सगळ्याला. झांझिबारचा चंद्रस सगळ्यांत कडक आणि चकचकीत, म्हणून त्याला भाव. सेलेममध्ये तो धुऊन साफ करायचे मोठे कारखाने होते. खणून काढला की त्यावर मातीचा थर असतो, तो उतरल्याशिवाय कामाचा नाही.

---

हडसनकाठ

दर्याकिनारा, अमेरिकेने सुलतानाला उलट भेट काय पाठवली? आणि अहमदचं पुढे काय झालं? तुम्ही त्याला न्यूयॉर्कलाच सोडलंत.

---

दर्याकिनारा

खरंय, सोडलंच.

उलट भेटीत कोल्टची नव्या पद्धतीची पिस्तुलं होती, एकदा भरून ओळीने गोळ्या झाडणारी, आणि एक सुंदर सजवलेली नौका. सईदला शस्त्रं आणि जहाजं दोन्हींची आवड, म्हणजे निवड विचारपूर्वक केलेली.

'सुलताना' ऑगस्टच्या सुरुवातीला न्यूयॉर्कहून निघाली, वाटेत केपटाऊनला थांबली आणि डिसेंबरात झांझिबारला पोचली. मस्कत सोडल्यापासून जवळजवळ वर्ष झालं होतं. तिथे पोचल्यावर काहीच महिन्यांत, १८४१ मध्ये, इंग्रजांचा ॲटकिन्स हॅमर्टन झांझिबारला ठाण मांडून बसला. तो मुंबई सरकारच्या हाताखालचा, त्याचे अहवाल मुंबईला जायचे. त्यानंतर सईदच्या दरबारात इंग्रजांचं वजन वाढतच गेलं. अहमदने जिथून नुकतीच दुसरी वाट उघडून दाखवली होती तिथेच हे झालं, म्हणून मला चुटपुट लागते.

अहमद सुलतानाच्या नोकरीतच राहिला. सईद १९ ऑक्टोबर १८५६ ला मस्कतहून झांझिबारला येताना जहाजावरच वारला. मुलांत वाटणीचा तंटा झाला. तो सोडवायला मुंबई सरकारने चौकशी नेमली आणि १८६१ मध्ये व्हाइसरॉय कॅनिंगने निवाडा दिला: मस्कत एकाकडे, झांझिबार दुसऱ्याकडे, आणि झांझिबारने मस्कतला दरवर्षी ४०,००० क्राउन द्यायचे. ज्या एका राज्याचा माल अहमदने एका जहाजात भरला होता, त्याची दोन राज्यं झालेली त्याने पाहिली. तो १८६९ मध्ये वारला, पंच्याऐंशीच्या घरात. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुएझ कालवा उघडला.

---

माझगावचा_मुलगा

धागा पहिल्यापासून वाचला. माझे वडील गोदीत फिटर होते, मी पण तिथूनच निवृत्त झालो. आमच्याकडे सांगतात की माझगावची पहिली छोटी सुकी गोदी १७७४ ची. म्हणजे 'सुलताना' बांधली तेव्हा गोदी साठ वर्षांची झाली होती. या जहाजाचं नाव मी आज प्रथम ऐकलं. वडील असते तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, तळाला तांब्याचा पत्रा होता का. गरम पाण्यातला किडा लाकूड पोखरतो, म्हणून तेव्हाची चांगली जहाजं पत्रा मारल्याशिवाय पाण्यात सोडत नसत. नाखवासाहेब, परतीचा प्रवास कसा झाला असेल तेही सांगा ना. जाताना वारे कसे होते ते तुम्ही लिहिलंत, येतानाचे राहिले.

---

नाखवा_६७

सांगतो. न्यूयॉर्कहून सरळ खाली उतरता येत नाही. आधी पश्चिमेच्या वाऱ्यावर पूर्वेकडे अर्धा अटलांटिक कापायचा, मग ईशान्येचे व्यापारी वारे पकडून विषुववृत्त, तिथे वारा पडतो, दिवसचे दिवस शिडं नुसती लोंबतात. मग ब्राझीलच्या बाजूने खाली, आणि पुन्हा पश्चिमेचे वारे धरून केपटाऊन. ऑगस्टात निघालं की केपला पोचेपर्यंत तिथला हिवाळा सरलेला असतो, ते बरं.

केपनंतर मात्र किनाऱ्याजवळून जायचं नाही, तो अगुल्हासचा प्रवाह आता समोरून येतो. बाहेरून वळसा घालून, मादागास्करच्या अंगाने वर यायचं. आणि डिसेंबरात झांझिबारजवळ येता येता उत्तरेकडून तोच ईशान्येचा वारा सुरू झालेला असतो, म्हणजे शेवटचा तुकडा वाऱ्याशी झगडत. त्याच वाऱ्यावर मस्कतची गलबतं नव्या मोसमाचा खजूर घेऊन समोरून येत असतात. 'सुलताना' बंदरात शिरली तेव्हा त्यातली पहिली काही नांगर टाकून उभी असणार.